मोनोचं बटण

मला डाव्या कानाने ऐकू येत नाही. अजिबात नाही. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकते, कारण आमच्या घरात हे वाक्य कधी कुणी पूर्ण उच्चारलं नाही.

लहानपणी मला गालगुंड झालं होतं. ताप उतरला, सूज उतरली, गालावरचा लेप आईने कोमट पाण्याने धुऊन काढला. मग काही दिवसांनी लक्षात आलं की फोन डाव्या कानाला लावला की मी नुसतीच "हॅलो, हॅलो" करत बसते. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, आतली नस गेली आहे, ती परत येत नाही, दुसरा कान उत्तम आहे. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना आईने माझा हात घट्ट धरला आणि म्हणाली, "कोनाला सांगायचं नाही."

आई वसईजवळच्या नायगावची, खाडीकडच्या शेतकरी घरातली. माहेरी ती 'पानी' म्हणते, एव्हरशाईन सिटीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये 'पाणी' म्हणते, आणि घाबरली की आपण कुठे आहोत ते विसरते. त्या दिवशी ती फार घाबरली होती.

तेव्हापासून मी कुठे बसायचं हे ठरलेलं. वर्गात डाव्या भिंतीकडची रांग, म्हणजे सगळा वर्ग उजवीकडे. शेअर रिक्षात डावीकडची कडेची जागा. लग्नकार्यात खुर्च्यांच्या रांगेचं डावं टोक, आणि टोक मिळालं नाही तर माझ्या डाव्या हाताला आई. गडबडीत डावीकडचं बोलणं माझ्या उजव्या कानापर्यंत पोचत नाही, म्हणून तिकडून कुणी काही विचारलं की उत्तर आई देणार. मी समोर बघत राहणार. मग आई हसून म्हणायची, "लाजाळू आहे हो फार."

मी लाजाळू आहेच. पण माझ्या नावावर जेवढं लाजणं जमा आहे, ते सगळं माझं नाही.

शाळेत मी सगळं इंग्रजीत शिकले. लपवायला मात्र मला मराठीत शिकवलं गेलं, म्हणून हे मराठीत लिहिते आहे.

माझं काम आवाजाचं आहे. एक कंपनी शाळेच्या मुलांसाठी मराठीतून पाठ तयार करते. शिक्षक आपापल्या घरी बसून पाठ रेकॉर्ड करतात, ते माझ्याकडे येतात, आणि मी त्यातून कुकरची शिट्टी, भंगारवाल्याची हाक, पानं उलटल्याची सळसळ काढून टाकते. कुणाचा आवाज खोल गेला असेल तर वर आणते. घरून काम, खोलीचं दार बंद, आणि डावीकडे बसणारं कुणी नाही. मला हे काम आवडलं ते आधी याच कारणासाठी. आवाजावर प्रेम वगैरे नंतर जडलं.

एकच अडचण होती. हेडफोनमध्ये दोन आवाज असतात, डावा वेगळा आणि उजवा वेगळा. मला उजवाच मिळतो. डाव्या बाजूला एखाद्या सरांचा कुत्रा भुंकला, तर माझ्यापुरता तो भुंकलेलाच नाही. त्यावर इलाज म्हणजे दोन्ही बाजू एकत्र करून ऐकणं. त्याला मोनो म्हणतात. आणि माझ्या जुन्या ऑडिओ इंटरफेसवर त्यासाठी एक बटण होतं.

ऑडिओ इंटरफेस म्हणजे माइक आणि हेडफोन एका बाजूला, लॅपटॉप दुसऱ्या बाजूला, आणि मधे बसलेला एक डबा. यूएसबीच्या वायरने जोडायचा. बाबा त्याला ट्रान्झिस्टर म्हणायचे. माझा डबा करड्या पत्र्याचा होता, कडेला खरचटलेला, आणि तो नंदाखालच्या एका कीबोर्डवाल्याकडून जुना घेतलेला होता. लग्नांत आणि चर्चच्या सणाला वाजवणारा माणूस. त्याच्या घरापर्यंत केळीच्या बागेतून वाट होती. बाबा पुढे, मी मागे. ओटीवर त्याने डबा पुसून ठेवला होता.

"बाय, आधीच सांगतो, हा मुका झालाय," तो म्हणाला. "मी लॅपटॉपला अपडेट मारला आणि हा गेला. लाइट लागते, पण लॅपटॉप ओळखच देत नाही."

"अपडेटच्या आधी कसा होता?" मी विचारलं.

"एक नंबर! पण कंपनी म्हणते, नवीन घ्या. याचा ड्रायव्हर आता आम्ही काढत नाही."

ड्रायव्हर म्हणजे डबा आणि लॅपटॉप यांच्यातला दुभाषी. लॅपटॉपची भाषा बदलली आणि दुभाष्याला कुणी नवी भाषा शिकवली नाही, की दोघंही धडधाकट असून एकमेकांशी बोलेनासे होतात. त्याला लोक डबा बिघडला म्हणतात.

बाबा म्हणाले, "मुका डबा घेऊन काय करणार आहेस तू?"

हेडफोनच्या भोकाशेजारचं ते बटण मी बघत होते. दाबलं की टक् वाजायचं. स्क्रीनवरचं चित्र नाही, खरंखुरं बटण. माझा लॅपटॉप म्हातारा होता आणि त्याची सिस्टीमही म्हातारी. घरी आणून जोडला, जुना ड्रायव्हर घातला, आणि डबा बोलायला लागला.

त्यानंतर मी त्या लॅपटॉपला पथ्यावर ठेवलं. "अपडेट करू का?" असं त्याने विचारलं की मी 'नंतर' दाबायचे. पुन्हा विचारलं की पुन्हा 'नंतर'. बाबा मागून बघत आणि म्हणत, "सरकारी ऑफिस उघडलंयस का घरात?"

होम स्टुडिओवाल्यांचा एक ग्रुप आहे. वसई-विरारमधले कीबोर्डवाले, भजनी मंडळवाले, हळदीला गाणी वाजवणारे, सगळे त्यात. कुठला इंटरफेस घ्यावा यावर तिथे कायम भांडणं. याचा आवाज उबदार, त्याचा मखमली, तिसऱ्याचा म्हणे कोरडा. मी तिथे कधी लिहीत नाही. पण मला विचारलं असतं तर सांगितलं असतं की चांगला डबा म्हणजे जो स्वतःचं काही बोलत नाही तो. माइक लावा, खोलीत गप्प बसा, आवाज पूर्ण वाढवा आणि ऐका. जो डबा कमी खुसफुसतो तो बरा. बाकी मखमल वगैरे आपल्या मनात असते आणि डब्याच्या खोक्यावर असते. माझा खरचटलेला डबा जवळपास गप्प होता. मला तेवढं पुरत होतं.

मग कंपनीने फर्मान काढलं. सगळ्या शिक्षकांना आणि सगळ्या संपादकांना एकाच जातीचे नवे इंटरफेस मिळणार. सगळ्यांचे लॅपटॉपही अपडेट झालेच पाहिजेत, नाहीतर कंपनीच्या सर्व्हरवर प्रवेश नाही. मी 'नंतर' दाबायला गेले तर 'नंतर' नव्हतंच.

अपडेट झालं आणि जुना डबा मुका झाला. लाइट लागत होती. बटण टक् वाजत होतं. नंदाखालच्या ओटीवर तो मला जसा दिसला होता, अगदी तसा.

नवा डबा देखणा होता. काळा, गुळगुळीत, आणि त्याच्यावर एकही बटण नव्हतं. एक गोल फिरवायची खुंटी, बस. बाकी सगळं म्हणे पॅनलमध्ये, म्हणजे ड्रायव्हरबरोबर येणाऱ्या खिडकीत. मोनोसुद्धा तिथेच. मी पॅनल उघडलं की एक करडी चौकट यायची, क्षणभर थरथरायची आणि मिटून जायची. माझ्या लॅपटॉपचं आणि तिचं जमत नव्हतं. मी काढून टाकलं, पुन्हा घातलं, जुनी आवृत्ती शोधली, तीही मिटली.

कंपनीच्या मदत करणाऱ्या माणसाला लिहिलं. त्याने विचारलं, आवाज येतोय का? येतोय. रेकॉर्ड होतंय का? होतंय. मग अडलंय कुठे? मोनो लागतो. कशाला?

मी लिहिलं, "सवय आहे."

त्याने एक हसरा चेहरा पाठवला आणि तक्रार बंद केली.

मग मी वायर करायला घेतली. नव्या डब्याच्या मागच्या बाजूने डावा आणि उजवा आवाज वेगवेगळे बाहेर येतात. ते दोन्ही बाहेर घ्यायचे, मधे एकेक छोटा रेझिस्टर घालायचा, एकत्र जोडायचे, आणि घरातल्या जुन्या छोट्या स्पीकरमध्ये सोडायचे. सोल्डरिंग मी व्हिडिओ बघून शिकले. पहिल्या वायरचा नुसता गोळा झाला. दुसरीने माझं बोट भाजलं. आईने गॅलरीत येऊन वास घेतला आणि म्हणाली, "रविवारी पाहुणे येणार आहेत आणि तू हाताला फोड करून घे!"

तिसरी वायर जमली. मी ती लावली आणि त्याच आठवड्यात आलेला एक पाठ सुरू केला. पाचवीचं गणित, अपूर्णांकांची बेरीज. सुरुवातीचं संगीत, जे कंपनी वेगळं जोडते, ते छान वाजलं. मग पडद्यावर बाईंनी तोंड उघडलं, आणि काहीच ऐकू आलं नाही. बाईंचा आवाज नाही, श्वास नाही, मागचा पंखा नाही. बाई फळ्याकडे हात करत होत्या, ओठ हलत होते, आणि स्क्रीनवरचे आवाजाचे मीटर जोरात नाचत होते.

मी म्हटलं, वायर चुकली. सोडवली, पुन्हा जोडली. तेच. हेडफोन घालून उजव्या कानाने ऐकलं तर बाई खणखणीत. दोन्ही बाजू एकत्र केल्या की बाई गायब. जुना, आधीच्या महिन्यातला पाठ लावला तर त्याच वायरमधून बाई व्यवस्थित बोलत होत्या. म्हणजे वायर ठीक होती. नवे पाठ ठीक नव्हते.

मी रेकॉर्डिंग मोठं करून लाटा बघितल्या. डावीकडे लाट वर गेली की उजवीकडे तीच लाट तेवढीच खाली. झोपाळ्याला दोन माणसांनी दोन्ही बाजूंनी एकाच वेळी सारखंच ढकलावं, तसं. दोघं वेगवेगळ्या झोपाळ्यांना ढकलत असतील तर दोन्ही झोपाळे हलतात. झोपाळा एकच असेल तर तो जागचा हलत नाही. नव्या डब्याच्या ड्रायव्हरमध्ये आवाज 'रुंद' करायची एक सोय होती आणि ती आपोआप चालू होऊन आली होती. शिक्षकांकडे तोच डबा, तोच ड्रायव्हर. दोन्ही कानांवर हेडफोन लावणाऱ्याला आवाज डोक्याभोवती पसरल्यासारखा वाटायचा. सगळे खूश होते.

पण हे पाठ बघणारी मुलं हेडफोन लावून बसत नाहीत. ती आईच्या नाहीतर आजोबांच्या साध्या फोनवर बघतात. त्या फोनला स्पीकर एकच. एकच झोपाळा.

शुक्रवारच्या ऑनलाइन मिटिंगमध्ये मी सांगितलं. मिटिंगमध्ये मी सहसा बोलत नाही, त्यामुळे मी माइक चालू केला तेव्हा आमच्या वरिष्ठांना, म्हणजे सरांना, आधी वाटलं की तो चुकून चालू झाला आहे.

"नव्या पाठांत आवाज मोनोमध्ये गायब होतो," मी म्हटलं.

"गायब?" सर हसले. "अगं, मी माझ्या हेडफोनवर ऐकलेत सगळे. काय भरलेला आवाज आहे! इतकी वर्षं आपल्याला हेच पाहिजे होतं. तू कशावर ऐकतेस?"

"मी एक वायर केली आहे."

"केली आहे म्हणजे? घरी?"

"हो."

"घ्या! कंपनीने एवढा चांगला इंटरफेस दिला आणि हिने त्याला शेपूट लावलं." कुणीतरी हसलं. सरांनी त्यांच्या फोनवर पाठ लावून कॅमेऱ्यासमोर धरला. महागडा फोन, दोन बाजूंना दोन स्पीकर. बाई बोलत होत्या. थोड्या पातळ, पण बोलत होत्या. "येतोय की नाही आवाज? एवढे सगळे संपादक ऐकतायत, बाकी कुणाला नाही कळलं, तुलाच बरं कळलं? का?"

या 'का'चं उत्तर माझ्या तोंडात होतं. पण मी म्हटलं, "मला तपासायला वेळ द्या."

"वेळ सोमवार सकाळपर्यंत. तुझ्याकडच्या पाठांवर 'तयार' अशी खूण झाली पाहिजे, मुलांना द्यायचेत. जमत नसेल तर स्पष्ट सांग. दुसऱ्या कुणाला तुझं काम देऊ."

मी खूण केली नाही. शनिवारभर त्या खुणेच्या चौकोनावर बाण नेऊन परत आणत राहिले. खूण केली तर काम राहणार आणि मुलांना मुक्या बाई मिळणार. खरं कारण सांगितलं तर? एका कानाच्या बाईला आवाजाच्या कामावर कोण ठेवतं? आणि बातमी तिथून कुठे कुठे जाईल, हे तर आईने मला दवाखान्याच्या पायऱ्यांवरच शिकवलं होतं.

रविवारी ते पाहुणे आले. नायगावच्या नव्या टॉवरमधलं स्थळ. मुलगा, त्याचे आईवडील आणि आत्या. पत्रिका आधीच जुळली होती, आईने ते दोनदा ऐकवलं. सकाळपासून तिने खुर्च्या लावल्या, पुन्हा लावल्या, आणि शेवटी मला सोफ्याच्या डाव्या टोकाला, भिंतीच्या बाजूला बसवलं. तिचा हिशेब चोख होता. पण आत्यांना पंख्याचा वारा सोसत नव्हता. त्यांनी कोपऱ्यातला वेताचा मोढा उचलला आणि भिंत आणि सोफा यांच्यामधल्या फटीत, बरोबर माझ्या डाव्या कानाशी येऊन बसल्या.

आई लगेच लाडवांचं ताट घेऊन तिकडे सरकली. आत्यांचे ओठ हलले. आई म्हणाली, "हो, हिनेच वळले." पुन्हा ओठ हलले. आई म्हणाली, "आवडतं ना तिला स्वयंपाकाचं. लाजते जरा बोलायला."

समोरून मुलाने विचारलं, "तुमचं काम नक्की काय असतं? मला नीट कळलं नाही."

माणूस बरा वाटला. प्रश्न विचारून तो थांबला होता, उत्तर येईपर्यंत. मी सांगितलं. तो म्हणाला, "एखादा पाठ दाखवा ना."

मी लिंक पाठवली. त्याच्या दोन स्पीकरवाल्या फोनवर अपूर्णांकांच्या बाई बोलू लागल्या. आत्यांनी आपला फोन पुढे केला, "मलाही पाठव रे, आमच्या नातीला होईल." त्यांचा फोन साधा, तळाशी एकच स्पीकर. संगीत वाजलं. मग बाई आल्या आणि गप्प झाल्या. आत्यांनी फोन हलवला, फुंकर मारली, बोटाने आवाज वाढवला.

"गेला तुझा फोन, आत्या," मुलगा म्हणाला. "तरी सांगत होतो, बदल."

"काही गेलेला नाही! सकाळीच बोलले मी धाकटीशी!"

सगळे हसले. मी म्हटलं, "फोन चांगला आहे. पाठ बिघडलेला आहे." आणि मी झोपाळ्याचं सांगितलं. मुलाने दोन्ही फोन हातात धरून पुन्हा लावून बघितलं, एकात आवाज, एकात नाही.

"कमाल आहे," तो म्हणाला. "मग हे तुमच्या ऑफिसात कुणालाच कसं कळलं नाही?"

पुन्हा तोच प्रश्न. फरक इतकाच की हा खरंच विचारत होता.

"त्यांना दोन कान आहेत," मी म्हटलं. "मला एकच आहे. डाव्या कानाने मला ऐकू येत नाही, म्हणून मी सगळं एकत्र करून ऐकते. म्हणून कळलं."

आईने ताट खाली ठेवलं. "लहानपणी गालगुंड झालं होतं ना," ती म्हणाली, "त्यामुळे थोडंसं…"

"थोडंसं नाही," मी म्हटलं. "पूर्ण."

आत्या पुढे वाकल्या आणि माझ्या समोर आल्या. "म्हणजे मघापासून मी विचारत होते, ते तुला…"

"एक अक्षर ऐकू आलं नाही."

"लाडू कोणी वळले विचारलं मी."

"आईने."

मुलाला हसू आलं आणि त्याने ते चहाच्या कपात लपवलं. त्याच्या आईला मात्र आलं नाही. त्या सोफ्याच्या उशीवरची वेलबुट्टी बघत म्हणाल्या, "निघायला हवं, पुढे आणखी एका ठिकाणी जायचंय."

दार लागल्यावर आई माझ्यावर तुटून पडली. "कोनी विचारलं होतं तुला?"

"त्यांनीच विचारलं होतं. तू होतीस तिथे."

"लग्न झाल्यावर सांगता आलं असतं!"

"लग्न झाल्यावर मी कुठल्या बाजूला झोपायचं, तेही तूच ठरवणार होतीस का?"

असं मी आईशी कधी बोलले नव्हते. बाबा वर्तमानपत्र घेऊन गॅलरीत गेले. संध्याकाळी निरोप आला, पत्रिका जुळत नाही. आईने फोन माझ्या हातात दिला आणि लाडू डब्यात भरू लागली. मी एक उचलला. लाडू चांगले झाले होते, आणि ते मी वळले नव्हते.

सोमवारी मिटिंग सुरू होताच सरांनी विचारलं, "झाली का खूण?"

"नाही. मी करणार नाही." सर काही म्हणायच्या आत मी पुढे बोलले. "सर, तुम्ही शुक्रवारी विचारलंत, मलाच का कळलं. मला डाव्या कानाने ऐकू येत नाही. म्हणून मी मोनोमध्ये ऐकते. माझ्या वायरवर विश्वास ठेवू नका. घरातला सगळ्यात साधा फोन घ्या, एका स्पीकरचा, आणि त्यावर पाठ लावा. आत्ता."

विरारची एक सहकारी चौकटीतून उठली, बहुतेक स्वयंपाकघरात गेली, आणि सासूबाईंचा फोन घेऊन आली. तिने तो माइकजवळ धरला. संगीत वाजलं. मग शांतता. ती म्हणाली, "अय्या! खरंच नाही येत."

सरांनी चष्मा काढला आणि पुसला. मग ते जे बोलले ते मला शब्दशः आठवतं. "हे तू जॉइन होताना सांगितलं नव्हतंस."

"सांगितलं असतं तर घेतलं असतंत?"

या प्रश्नाचं उत्तर अजून यायचं आहे.

दुरुस्ती सोपी होती. एका बाजूची लाट उलटी केली की बाई परत आल्या, आणि शिक्षकांच्या पॅनलमधली ती 'रुंद'ची सोय बंद करवून घेतली. मुलांना पाठ थोडे उशिरा मिळाले, पण बोलके मिळाले. सगळ्यांना एक मेल गेली की "आमच्या टीमच्या वेळीच लक्षात आल्यामुळे" वगैरे. त्यात माझं नाव नव्हतं. त्यानंतर माझ्याकडे कानाचा रिपोर्ट मागितला. मी दिला. सोबत लिहिलं, की मला मोनोचं बटण असलेला इंटरफेस द्यावा, नाहीतर माझ्या लॅपटॉपवर पॅनल उघडेल असं करून द्यावं, आणि कारण म्हणून 'सवय आहे' असं लिहिलं नाही. उत्तर आलं, सर्वांसाठी एकच मॉडेल हे कंपनीचं धोरण आहे. मी पुन्हा लिहिलं. परत तेच उत्तर. मी अजूनही लिहिते आहे. तोवर माझी शेपटीवाली वायर आहे, आणि शंका आली की आता सरसुद्धा विचारतात, "हिच्या वायरवर लावून बघितलं का?" त्यांना वाटतं हा माझा गौरव आहे. मला बटण हवं आहे.

आईने बरेच दिवस या विषयावर अबोला धरला. मग मामाकडे पूजेचं जेवण होतं, खाडीकडच्या घरी. अंगणात पंगत बसली. मी आईने दाखवलेल्या टोकाला गेले नाही, मधेच बसले. माझ्या डाव्या हाताला आईची एक चुलत बहीण येऊन टेकली आणि काहीतरी बोलू लागली. मला तिचा पदर हलताना दिसला, तेवढंच.

आई पलीकडे वरण वाढत होती. तिथूनच तिने आवाज दिला. "अगो, त्या बाजूने नको बोलू! त्या कानाने नाय ऐकू येत तिला."

पंगतीतली सगळी डोकी वळली. मावशी म्हणाली, "अरे देवा. कधीपासून गं? बिचारी."

"बिचारी कसली?" आई वरणाचं भांडं घेऊन आमच्यापर्यंत आली. "उठ तिथून, तिच्या दुसऱ्या बाजूला बस, मग काय ते विचार." मावशी खरंच उठली, पान उचललं आणि माझ्या उजवीकडे येऊन बसली. सगळी रांग एकेक जागा सरकली.

मग आईने माझ्या भातावर वरण वाढलं, आणि मावशीने पहिलाच प्रश्न विचारला, "मग लग्नाचं काय?"

तो मला नीट ऐकू आला. उत्तर द्यायला आईने तोंड उघडलं होतं, पण मी आधी बोलले.